बॅशची पुस्तिका खरं बोलते, पण पुरतं नाही

पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. त्यामुळे 2011 च्या जनगणनेत आमचा वसई तालुका ठाणे जिल्ह्यात सापडतो. जुनी आणि नवी गावांची यादी ताडून बघायची, तर 'कॉम' ही आज्ञा कामाची आहे. पण तिला दोन्ही याद्या आधी क्रमाने लावलेल्या हव्यात. मग आपण लिहितो (टाइप करताना अर्थात इंग्रजीत):

कॉम <(सॉर्ट जुनी) <(सॉर्ट नवी)

हेच प्रोसेस सब्स्टिट्यूशन. कंसातली आज्ञा वेगळी चालते आणि तिचं आउटपुट 'कॉम'ला फाइलच्या नावासारखं मिळतं. मधल्या तात्पुरत्या फाइली वाचतात. बॅशच्या पुस्तिकेत हे सगळं आहे. < आणि कंस यांच्यात जागा सोडू नका, हेही बजावलंय. वाक्यं थोडी आणि अचूक, पण त्या विभागात एकही उदाहरण नाही. नवख्याने ते वाचून ही ओळ लिहावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

उदाहरण नाही, हे एक वेळ चालेल. खरी अडचण पुढे आहे. समजा, जुन्या यादीचं नाव चुकलं. सॉर्ट अपयशी ठरतं, पण 'कॉम'ला ते कळतच नाही. त्याला रिकामी यादी मिळते, तो सगळी गावं 'नवी' ठरवतो आणि यश कळवून मोकळा होतो. 'सेट -ई' लावलेलं असलं तरी स्क्रिप्ट थांबत नाही. 'पाइपफेल'चाही उपयोग नाही, कारण ही पाइपलाइनच नव्हे. पडद्यावर एररची एक ओळ येते खरी, पण रात्रभर चाललेल्या स्क्रिप्टच्या लॉगमध्ये ती कोण शोधणार? आणि आकडा तर थेट प्रबंधाच्या तक्त्यात जातो!

यावर उपाय आहे का? अर्धा. आवृत्ती 4.4 पासून शेवटच्या सब्स्टिट्यूशनचा क्रमांक $! मध्ये मिळतो आणि 'वेट'ने त्याचा निकाल विचारता येतो. पण हे 'वेट'च्या विभागात लिहिलंय. ज्याला 'वेट' लागणार हेच ठाऊक नाही, तो तिथे जाईल कशाला? शिवाय आपल्या ओळीत सब्स्टिट्यूशन दोन आहेत. जुन्या यादीचं पहिलं, म्हणजे नेमकं तेच निसटतं.

माझ्या मते मूळ विभागातच तीन वाक्यं हवीत: आतल्या आज्ञेचं अपयश बाहेर पोचत नाही, मिळालेली 'फाइल' बहुधा पाइप असते, म्हणून ती दुसऱ्यांदा वाचता येत नाही, आणि निकाल महत्त्वाचा असेल तर तात्पुरती फाइल करून आधी तपासा. पुस्तिका बदलत नाही असंही नाही. पूर्वी पॉसिक्स मोडमध्ये ही सोय नसे, 5.1 पासून ती मिळते आणि तशी नोंदही झाली. पण मॅकसोबत आजही बॅश 3.2 येतं, आणि उबुंटूवर 'एसएच' म्हणजे डॅश, त्यात ही सोयच नाही. तेव्हा वेबवरची ताजी पुस्तिका उघडण्याआधी आपल्या मशीनवर कुठली आवृत्ती आहे, ते बघून घ्या.