निगेटिव्हचे भवितव्य

गौतम राजाध्यक्ष (1950–2011) यांची व्यक्तिचित्रे पाहून ‘फिल्म गेली, तशी ती कलाही गेली’ असा सुस्कारा पुष्कळजण टाकतात. मला हे मान्य नाही. त्या छायाचित्रांतील मार्दव रसायनाचे नव्हे. चेहऱ्यावर उजेड कसा उतरावा, ह्याच्या जाणतेपणाचे आहे. तो जाणतेपणा डिजिटल कॅमेऱ्यातही चालतो.

फिल्मचे खरे सामर्थ्य निराळे. छत्तीस चित्रांचा रोल संपेल ह्या धाकाने हात आवरता राही, आणि मागे निगेटिव्ह उरे. ती उजेडासमोर धरली की यंत्रावाचून चेहरा ओळखू येतो. फाइलला ही सोय नाही. (लग्नाच्या किती सीडी आज उघडतात?) अर्थात नेकनूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या पेटीत रंगीत निगेटिव्ह विटणारच; कृष्णधवल अधिक टिकते.

उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म इतिहासजमा झाली. कोडॅकने 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी 2018 मध्ये एक्टाक्रोम पुन्हा बाजारात आणली. तेव्हा फिल्म उरेल, पण महाग आणि मोजक्यांच्या हाती. स्कॅन करून झाले म्हणून घरातल्या जुन्या निगेटिव्ह टाकून देणारी कुटुंबे मात्र मला अनाकलनीय वाटतात.