जुळवून कुणी घ्यायचं?

‘अमेरिकन फॅक्टरी’ (2019) या माहितीपटात एक चिनी अभियंता आहे. काच तापवून वाकवायच्या भट्टीवर त्याचं काम. बायको-मुलांना चीनमध्ये ठेवून तो दोन वर्षांसाठी ओहायोत आलाय, तेही जादा पगाराशिवाय. दुपारी जेवायला काय, तर ट्विंकी, म्हणजे क्रीम भरलेला पाकिटातला केक. हे सांगताना तो तक्रार करत नाही. म्हणूनच तो लक्षात राहतो.

स्टीव्हन बॉग्नर आणि ज्युलिया रायकर्ट या जोडीचा हा माहितीपट. डेटनजवळच्या मोरेनमधला जनरल मोटर्सचा कारखाना 2008च्या डिसेंबरात, ऐन नाताळाच्या तोंडावर, बंद पडला. त्यावरही या दोघांनी एक लघुपट केला होता. पुढे तीच जागा फुयाओ या चिनी कंपनीने गाडीच्या काचा बनवण्यासाठी घेतली. माणसं स्थानिक, वरचे बरेचसे साहेब आणि शिकवणारे चीनहून आलेले. जनरल मोटर्समध्ये तासाला 29 डॉलरच्या वर मिळवणारी एक बाई इथे 12.84 डॉलरवर काम करते. या एका आकड्यानंतर ‘सांस्कृतिक फरक’ हा शब्द कानाला जरा पोकळच वाटायला लागतो.

परदेशी गेलेल्या मॅनेजरच्या रुळण्याबद्दल व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात तेव्हा फळ्यावर इंग्रजी ‘यू’सारखी रेघ काढतात. आधी नवलाई, मग घसरण, मग हळूहळू वर येणं. मीही ती वहीत काढलेली आहे. ही कल्पना 1955 साली स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने मांडली. त्याने अभ्यास केला होता तो फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेलेल्यांचा. म्हणजे पाहुण्यांचा. त्यांच्या हाताखाली कारखाना नव्हता, कुणाला कामावरून काढायचा अधिकार नव्हता. त्यांच्या अनुभवातून निघालेली रेघ पुढे साहेबांनाही लावली गेली.

मराठीत ‘जुळवून घे’ हे आपण कुणाला सांगतो? सासरी निघालेल्या मुलीला. सासूला कुणी सांगत नाही. मोरेनमध्ये घर सुनेचं आहे आणि सासू बाहेरून आलेली आहे, तरी जुळवून घ्यायचंय सुनेनेच. माहितीपटात हे फार चांगलं दिसतं. सुरुवातीला चिनी कर्मचाऱ्यांना अमेरिकेची ओळख करून दिली जाते. इथे राष्ट्राध्यक्षाची थट्टा केली तरी कुणी काही करत नाही, असं त्यांना सांगतात. पुढे कारखाना तोट्यात जाऊ लागतो, अमेरिकन वरिष्ठ जातात आणि शिकवणीचा सूर बदलतो. अमेरिकनांना लहानपणापासून कौतुकाची सवय असते, आणि गाढवाला केसांच्या दिशेनेच कुरवाळावं. ही रुळण्याच्या रेघेची वरची बाजूच म्हणायची: साहेब रुळले, म्हणजे माणसं कशी हाताळायची ते त्यांना कळलं.

हे मी दुरून बोलत नाही. चाकणच्या एका कारखान्यात मी काही वर्षं जपानी दुभाषी होते. प्रॉडक्शनचे साहेब लाइनवर उभे राहून पाच-पाच मिनिटं बोलायचे. त्यातलं निम्मं मराठीत आणायला माझी जीभ रेटायची नाही. ‘साहेब म्हणतात, जरा लक्ष द्या,’ एवढ्यावर मी आटपायचे. एकदा सगळे ज्यांना मामा म्हणायचे ते सुपरवायझर म्हणाले, “मॅडम, ते एवढं बोलले आणि तुमचं चार शब्दांत झालं? आम्हाला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?” मला वाटत होतं मी भांडणं वाचवतेय. खरं तर मी साहेबांचं रुळणं सोपं करत होते. आपण काय बोलतो ते कुठे लागतं, हे त्यांना कधी कळलंच नाही. निरोपाच्या दिवशी ते म्हणाले, इथली माणसं फार समजूतदार. ते मात्र मी शब्दन्‌शब्द सांगितलं.

म्हणून मला तो भट्टीवाला महत्त्वाचा वाटतो. या कारखान्यात खरंखुरं जुळवून घेतो तो, कारण त्याच्याकडे दुसरा उपाय नाही. त्याचा अमेरिकन सोबती थँक्सगिव्हिंगला चिनी मंडळींना घरी बोलावतो, त्यांना बंदुका चालवायला देतो, मोटरसायकलवर बसवतो. त्या दुपारी सगळे लहान मुलांसारखे खूश दिसतात. पुढे त्याच सोबत्याला कंपनी काढून टाकते. चिनी मित्रांवरचा त्याचा जीव तरीही उडत नाही. त्याचा राग आहे तो कंपनीवर.

माझी तक्रार आहे ती चीनच्या दौऱ्याच्या भागाबद्दल. अमेरिकन सुपरवायझर फुयाओचा मूळ कारखाना बघायला जातात. तिथली रांगेतली हजेरी, घोषणा, वार्षिक समारंभातली गाणी-नाच यांवर कॅमेरा असा रेंगाळतो की आपण पाहुण्यांच्या डोळ्यांनी हसायला लागतो. एरवी दोन्ही बाजूंना इतक्या समजुतीने बघणारा हा माहितीपट इथे थोडा सोप्या हशाला भुलला आहे. शेवटी यंत्रमानव येतात तेही घाईने, जणू वेगळ्या माहितीपटातून. मालक चाओ देवांग यांना मात्र खलनायक केलेलं नाही. युनियन आली तर कारखाना बंद करीन म्हणणारा हाच माणूस बालपणातले बेडकांचे आवाज आठवतो आणि आपण भलं केलं की पाप, असं स्वतःला विचारतो. तो प्रश्न मला ढोंगी वाटला नाही. 2017च्या नोव्हेंबरात युनियनसाठी मतदान झालं: बाजूने 444, विरोधात 868.

दुसऱ्यांदा पाहताना मी दुभाष्यांकडेच बघत होते. ते बहुतेक वेळा चौकटीच्या कडेला उभे असतात. मला चिनी येत नाही. पण बोलणं लांब आणि भाषांतर आखूड झालं की मी थांबून मागे जाते, आणि त्यांचे चेहरे पुन्हा बघते.