चाहत्यांचा सल्ला आणि चित्रपटाची पुनर्निर्मिती : ‘सैराट’ व ‘धडक’च्या संदर्भात

प्रस्तावना

गाजलेल्या चित्रपटाचा पुढील भाग किंवा पुनर्निर्मिती करताना निर्मितीसंस्थेने चाहत्यांचा सल्ला घ्यावा काय, हा प्रश्न आज जगभर चर्चिला जातो. २०१९ मध्ये ‘सॉनिक द हेजहॉग’ची झलक पाहून चाहत्यांनी नायकाच्या रूपाविषयी तीव्र नापसंती दर्शविली. निर्मात्यांनी ते रूप बदलून २०२० मध्ये चित्रपट प्रदर्शित केला. झॅक स्नायडर यांची ‘जस्टिस लीग’ची आवृत्तीही चाहत्यांच्या दीर्घ मागणीनंतर २०२१ मध्ये प्रकाशात आली. मराठीपुरता विचार करता या प्रश्नाचा बोलका दाखला ‘सैराट’ आणि त्यावर बेतलेला हिंदी ‘धडक’ यांच्या तुलनेत सापडतो. प्रस्तुत लेखात त्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

विवेचन

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, तर आर्ची साकारणारी रिंकू राजगुरू अकलूजची. इंदापूर तालुका भीमा आणि नीरा या नद्यांच्या दरम्यान वसला आहे. भीमेपलीकडे करमाळा, नीरेपलीकडे अकलूज. साहजिकच इंदापूर-बारामती परिसरातील प्रेक्षकाला या चित्रपटातील ऊस, विहिरी, गावकीचे राजकारण आणि बोलीची ठसक परकी नव्हती. पाटलाची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील मुलगा यांच्यातील अंतर किती, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. असा प्रेक्षक केवळ चाहता नसतो, तो जाणकारही असतो.

२० जुलै २०१८ रोजी आलेल्या शशांक खेतान दिग्दर्शित ‘धडक’ने कथा उदयपूरला नेली. नायकाचे कुटुंब आता उपाहारगृह चालवू लागले. जातीचा प्रश्न पुसट होऊन घराण्याची प्रतिष्ठा पुढे आली. ‘सैराट’च्या अखेरीस आर्ची व परशा दोघेही मारले जातात आणि मागे उरते ते त्यांचे मूल. ‘धडक’मध्ये नायिका जिवंत राहते, पती व मूल यांचा बळी जातो. अजय-अतुल यांचे ‘झिंगाट’ मात्र हिंदी रूपात कायम राहिले. म्हणजे ज्याला टाळ्या मिळाल्या ते टिकले आणि ज्याने प्रेक्षागृह निःशब्द केले ते सौम्य झाले.

चाहत्यांची मते मागविली असती तर निराळे घडले असते काय? तसे वाटत नाही. नृत्यगीत हवे, असेच बहुतेकांनी सांगितले असते. प्रेमिक जगावेत, अशी इच्छाही अनेकांनी व्यक्त केली असती. त्यात गैर काही नाही. परंतु इच्छा हा कलाकृतीच्या आशयाचा निकष होऊ शकत नाही. आपल्या लोकरंगभूमीने हा भेद केव्हाच ओळखला आहे. संगीतबारीत रसिकांच्या फर्माईशीला मान असतो. वगाचा शेवट मात्र फर्माईशीवर सोपविलेला नसतो.

याहून गंभीर प्रश्न आहे तो सल्ला कोणाचा घ्यावयाचा, हा. ‘सैराट’वर आर्चीच्या वाड्यातल्यांनी प्रेम केले, तसेच परशाच्या वस्तीनेही केले. परंतु मत मागविले की गावात ज्याचा आवाज मोठा, तोच सर्वांचा प्रतिनिधी ठरतो. जातिव्यवस्थेवर बोट ठेवणाऱ्या चित्रपटाने बहुमताचा कौल घेणे म्हणजे आरोपीलाच निवाडा लिहावयास सांगणे होय. २०२५ मधील ‘धडक २’ने नाव जुने ठेवले, कथा मात्र ‘परियेरुम पेरुमाळ’ या २०१८ च्या तमिळ चित्रपटावरून घेतली आणि जातीचा प्रश्न केंद्रस्थानी आणला. पहिल्या ‘धडक’मध्ये जे पुसट झाले होते, ते याच नावाखाली ठळक होऊ शकले, ही बाब लक्षणीय आहे.

निष्कर्ष

चाहत्यांकडे दोन गोष्टी असतात : इच्छा आणि अनुभव. बोली, पेहराव, व्यवसाय, माणसे एकमेकांना कशी हाक मारतात, या बाबतीत जाणकार प्रेक्षकाला अवश्य विचारावे. तेथे त्याचा अधिकार दिग्दर्शकाहूनही मोठा असू शकतो. सॉनिकच्या रूपाबाबत चाहत्यांचा आग्रह ग्राह्य ठरला, तोही याच न्यायाने. ते रूप त्यांच्या ओळखीचे होते. कथेची भूमिका आणि तिचा शेवट यांची जबाबदारी मात्र दिग्दर्शकानेच घ्यावयास हवी. ‘धडक’ची उणीव त्याने चाहत्यांना विचारले नाही, ही नाही. टाळ्यांच्या आवाजालाच त्याने प्रेक्षकांचे संपूर्ण मत मानले, ही आहे.