कच्च्या कैद्याची मजुरी किती? : एका जुन्या पुस्तकाशी भांडण

"तुरुंग हा विषय घेतलाय, थिअरी कोणती लावू?" असं ज्युनियर मुलं-मुली विचारतात तेव्हा मला आधी हसू येतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. कारण मीही लावली होती. भिंतीला डिस्टेंपर लावतात तशी, दोन हात.

मी लावलेली थिअरी जॉर्ज रुशे आणि ओटो किर्कहाइमर यांच्या 'पनिशमेंट अँड सोशल स्ट्रक्चर' या पुस्तकातली. पुस्तक 1939 चं. शिक्षेच्या राजकीय अर्थशास्त्रावर काम करायचं असेल तर तुम्हाला ते टाळता येणार नाही. फुकोनेही 'डिसिप्लिन अँड पनिश'मध्ये त्याचा आधार घेतलाय. मुद्दा थोडक्यात असा: समाज कोणती शिक्षा निवडतो हे फक्त गुन्ह्यांवरून ठरत नाही, मजुरांची गरज किती आहे यावरूनही ठरतं. माणसं स्वस्त आणि जास्त असतील तर फटके, फाशी, अंगविच्छेद. माणसांचा तुटवडा असेल तर त्यांना मारून टाकणं परवडत नाही, मग त्यांना गलबतांवर वल्ही मारायला बसवा, वसाहतींत पाठवा, कामाला जुंपा. 1596 मध्ये ॲमस्टरडॅमला पुरुषांसाठी जे सुधारगृह निघालं, तिथे कैदी ब्राझीलवुडची लाकडं किसून रंगासाठी भुकटी करायचे. तुरुंगाचा एक पूर्वज म्हणजे हा कारखाना.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुरुंगातलं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जगण्यापेक्षा वाईटच असलं पाहिजे, नाहीतर शिक्षेची भीती कसली? म्हणजे तुरुंगसुधारणेची कमाल मर्यादा तुरुंगाबाहेर, मजूर अड्ड्यावर ठरते. हे एकदा डोक्यात बसलं की 'कैद्यांना कशाला एवढ्या सोयी?' असली वाक्यं तुम्हाला वेगळी ऐकू यायला लागतात.

आता भांडण. पुस्तक नीट वाचलंत तर मधोमध जोड दिसतो. मूळ हस्तलिखित रुशेचं, नंतरचा भाग किर्कहाइमरचा. रुशेच्या भागात श्रमबाजार सगळं ठरवतो. किर्कहाइमर विसाव्या शतकात येतो आणि फॅसिझमबद्दल लिहायला लागतो तेव्हा राजकारण पुढे येतं, मजुरीचा दर मागे पडतो. दोन लेखकांची दोन उत्तरं एकाच पुठ्ठ्यात बांधली आहेत. आपण मात्र सिनॉप्सिसमध्ये 'रुशे आणि किर्कहाइमर यांच्या मते' असं एका दमात लिहून मोकळे होतो. (मीही लिहिलं होतं, तीन वेळा.)

माझ्या पहिल्या प्रकरणाचा मसुदा गाइडनी परत दिला तेव्हा समासात एकच ओळ होती: "कच्च्या कैद्याची मजुरी किती?" मला राग आला, आणि मग घाम फुटला.

कारण बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे जवळजवळ 76 टक्के. सक्तमजुरी ही दोष सिद्ध झाल्यावरची गोष्ट. कच्च्या कैद्याला तुम्ही कामाला जुंपू शकत नाही. मग चारातल्या तीन माणसांवर जी थिअरी बोलतच नाही, ती मी सगळ्या तुरुंगावर कशी लावली?

याचा अर्थ इथे अर्थकारण नाही असा मात्र नाही. ते दुसऱ्या दारातून येतं. जामीन मंजूर होतो आणि माणूस आतच राहतो, कारण जामीनदार मिळत नाही. जामीनदार मिळाला तर त्याच्याकडे सातबारा नाही, ऐपतीचा दाखला नाही. इथे माणसाच्या श्रमाला किंमत नाही; त्याच्या ओळखीत कोणाकडे मालमत्ता आहे का, एवढाच प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या कच्च्या कैद्यांबद्दल हेच दाखवून दिलं होतं. जानेवारी 2023 मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की जामीन मिळूनही महिनाभरात हमी देता आली नाही, तर अटी सैल करण्याचा विचार व्हावा. मध्ये 44 वर्षं गेली.

मग रुशे फेकून द्यायचा का? तर तसंही नाही. सोलापूरची सेटलमेंट आठवा. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 नंतर ब्रिटिश भारतभर लागू करता येऊ लागला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं आणि तिथून लोक गिरण्यांत कामाला जायचे. हजेरी, कुंपण आणि गिरणीचा भोंगा एकाच गावात. रुशेला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. पण थांबा. या जमाती कुंपणात *का* गेल्या, दुसऱ्या का नाही, हे गिरणी सांगत नाही. ते जात सांगते, आणि फिरस्त्या लोकांचा संशय घेणारं महसुली राज्य सांगतं. कायदा 1952 मध्ये गेला, गिरण्याही गेल्या, तरी जात तुरुंगातून गेली नव्हती. झाडूकाम कोणाला आणि स्वयंपाक कोणाला हे जातीवर ठरवणाऱ्या तरतुदी अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या त्या 3 ऑक्टोबर 2024 ला! तुरुंगातला श्रमबाजार म्हणायचं तर तो हा, आणि तो मागणी-पुरवठ्यावर चालत नव्हता.

पुस्तकाचं उत्तर बाजूला ठेवून प्रश्न कसा पुढे न्यायचा, हे बघायचं असेल तर रुथ विल्सन गिलमोर यांचं 'गोल्डन गुलाग' (2007) वाचा. कॅलिफोर्नियात गुन्हे 1980 च्या सुमारास शिखरावर जाऊन उतरू लागले, तुरुंग मात्र त्यानंतर भराभर वाढले. गिलमोर एका कारणावर भागवत नाहीत. पडून राहिलेली जमीन, गुंतवणूक शोधणारा पैसा, काम गेलेली माणसं आणि दुसरं काही करायला न उरलेली सरकारी यंत्रणा, या चारही गोष्टी त्या एकत्र धरतात. कैद्यांची फुकट मजुरी हेच सगळ्याचं कारण, हे लोकप्रिय उत्तरही त्या नाकारतात, कारण बहुतेक कैदी खाजगी कंपन्यांसाठी काम करतच नाहीत.

माझं पहिलं प्रकरण आता जामीनदारावर आहे. रुशे त्यात दीड पानभर येतो. तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर सैद्धांतिक चौकटीचा परिच्छेद तूर्त कोरा सोडा आणि एखाद्या दिवशी सत्र न्यायालयात, जामिनाची कागदपत्रं चालतात त्या खिडकीपाशी दोन तास बसून या. कोण कोणता कागद नाही म्हणून परत जातंय, तेवढंच वहीत लिहा.