मुद्दा होता, कौल नव्हता

निवडणुकीत पक्ष धोरणांवर स्पर्धा करतात आणि मतदार त्यांतून निवड करतो, ही समजूत अँथनी डाउन्स यांच्या १९५७च्या ग्रंथामुळे अभ्यासकांमध्ये रुजली. १९६३मध्ये डोनाल्ड स्टोक्स यांनी तिच्यावर मूलभूत आक्षेप घेतला. अनेक मुद्द्यांना दोन बाजू नसतातच; पाणी नको म्हणणारा पक्ष कोठे असतो? अशा ठिकाणी स्पर्धा असते ती विश्वासार्हतेची.

गोरेगावचा इतिहास स्टोक्स यांच्या बाजूने साक्ष देतो. मृणाल गोरे १९६१मध्ये इथून महापालिकेवर निवडून गेल्या, १९७२मध्ये विधानसभेत आणि १९७७मध्ये लोकसभेत पोहोचल्या. ‘पाणीवाली बाई’ ही ओळख त्यांना जाहीरनाम्याने दिली नाही. पाण्यासाठी कोण रस्त्यावर उतरते, हे बायाबापड्यांनी स्वतः पाहिले होते.

आरेतील मेट्रो-३च्या कारशेडला मात्र दोन बाजू होत्या. इथे तरी डाउन्स यांचे प्रारूप लागू पडावे. ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री वृक्षतोड सुरू झाली, ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली आणि २१ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान झाले. मुद्दा याहून ताजा असू शकत नाही. पण कारशेड आरेतच हवी म्हणणारा भाजप आणि तिला विरोध करणारी शिवसेना एकत्र मते मागत होते. गोरेगावात युतीचा उमेदवार भाजपचा होता. म्हणजे आरे वाचवू पाहणाऱ्या शिवसैनिकाने युतीधर्म पाळला, तर त्याचे मत कारशेडच्या बाजूने मोजले जाणार.

यावर कोणी म्हणेल, विरोधी आघाडीचा पर्याय होताच. होता; पण मग एका प्रश्नासाठी सगळी राजकीय निष्ठा मोडावी लागते. ही किंमत फार मोठी आहे.

पुढचे निर्णय तर मतदाराला वगळूनच झाले. नोव्हेंबर २०१९मध्ये नव्या आघाडी सरकारने कामाला स्थगिती दिली, २०२०मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरवले. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तिथले काम थांबवले. २०२२मध्ये सत्तांतर झाले आणि कारशेड आरेत परतली. या सर्व काळात विधानसभेची निवडणूक एकदाही झाली नाही. ती आली नोव्हेंबर २०२४मध्ये, आणि आरेहून वांद्रे-कुर्ला संकुलाकडे मेट्रो त्याच्या आदल्याच महिन्यात धावू लागली होती.

माझा आक्षेप सिद्धान्तांवर आहे तो एवढाच: पक्ष हे स्पर्धेचे एकक, असे ते गृहीत धरतात. महाराष्ट्रात १९९०नंतर एकाही पक्षाला विधानसभेत स्वबळावर बहुमत मिळालेले नाही. म्हणजे मतदारापुढे येतो तो पक्ष नव्हे, जागावाटप. जागा वाटून घेताना मतभेदाच्या मुद्द्यावर एकत्र भूमिका लिहून देण्याची सक्ती मित्रपक्षांवर कोणी करत नाही. मतदाराने ती मागायला हवी, आणि अभ्यासकांनी जाहीरनाम्यांआधी जागावाटपाच्या याद्या वाचायला हव्यात.