तिसरी आसारी कुणाकडे?

येवल्याला मामांकडे संक्रांतीला गेलो की माझ्या वाट्याला पतंग यायचा नाही, आसारी यायची. बाकीचे जिला फिरकी किंवा चक्री म्हणतात ती येवल्याची आसारी. भोगी, संक्रांत आणि कर, तिन्ही दिवस गाव गच्च्यांवर असतं आणि उडवणाऱ्याच्या मागे कुणीतरी आसारी धरून उभं असतं. आसारीवाल्याला पतंग नीट दिसत नाही. समोर उडवणाऱ्याची पाठ असते. दिसतात ते हात. चार-पाच संक्रांती मी मामांचे हात बघण्यात घालवल्या, आणि पतंगातलं मला जे काही कळतं ते तिथून सुरू झालं.

हात म्हणजे खरं तर उजव्या हाताची दोन बोटं. मामा खेचायचे कमी, सोडायचे जास्त. पतंग डावीकडे न्यायचा असला तरी हात डावीकडे जात नसे. ते नुसता दोरा सैल करत. वर पतंग भिरभिरायला लागे, स्वतःभोवती गिरक्या घेई. मामा बघत राहत. नाक डावीकडे आलं की एक खेच, आणि पतंग सुरीसारखा सपकन डावीकडे. "नाक बघ रे," ते मागे न वळता म्हणायचे, "नाक येईस्तोवर दम धरायचा. घाई केली की तो त्याच्या मनाने जातो."

यामागची गंमत पुढे कळली. आपल्या पतंगाला दोरा एकच. शेपटी नाही, सुकाणू नाही. दोरा ताणला की वाऱ्याच्या दाबाने आडवी कमान मागे वाकते, दोन्ही बाजू मागे झुकतात, पतंग स्थिरावतो आणि नाकासमोर धावतो. ढील दिली की कमान सरळ होते, कागद सपाट होतो. सपाट कागदाला वाऱ्यात तोल सांभाळता येत नाही, तो फिरू लागतो. म्हणजे कुठे जायचं ते ढिलीत ठरतं, खेच फक्त त्यावर सही करते. बघणाऱ्यांना मात्र खेचच दिसते, कारण ओरडा तेव्हा होतो.

दोन दोऱ्यांचा कसरती पतंग मी पहिल्यांदा पाहिला तो अहमदाबादला, साबरमतीच्या काठी. तिथे 1989 पासून आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो आणि परदेशी पाहुणे आपापली पाखरं घेऊन येतात. अजस्र मासे, ड्रॅगन, हत्ती वगैरे आकाशात लोंबत होते. ते मला फारसे रुचत नाहीत. फुगवलेली वस्तू वर टांगून ठेवण्यात करामत असेल, खेळ नाही. त्यांच्यापासून जरा लांब एक माणूस दोन्ही मनगटांत पट्टे अडकवून उभा होता आणि समोर एक काळा-पिवळा त्रिकोण हवेत अक्षरं गिरवावीत तसा फिरत होता. सरळ रेघ, काटकोन, पुन्हा रेघ, आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर येऊन एकदम उभा. माझ्या शेजारचा मुलगा म्हणाला, "मोटर लावलीय."

मोटर नव्हती. नायलॉनचं चौकटी विणीचं कापड, कार्बनच्या काड्या, पंखांचा विस्तार पुरुषभर उंचीहून थोडा जास्त, आणि वजन पाव किलोच्या आसपास. दोन दोरे दोन पंखांना. डावा ओढला की पतंग डावीकडे वळतो, उजवा ओढला की उजवीकडे. बैलगाडी हाकणाऱ्याला वेगळं शिकवायला नको.

या जातीचा एक पूर्वज लढाईतला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाला जहाजावरच्या तोफखान्याच्या सरावासाठी हलतं लक्ष्य हवं होतं. पॉल गार्बर यांनी त्यासाठी सुकाणू असलेला, दोन दोऱ्यांनी वळवता येणारा पतंग बनवला आणि त्यावर शत्रूच्या विमानाची आकृती रंगवली. हे गार्बर स्मिथसोनियन संग्रहालयात विमानांचा संग्रह उभारणारे गृहस्थ; म्हणजे उडणाऱ्या वस्तू जपणं हा ज्यांचा धंदा त्यांनीच एक उडणारी वस्तू गोळ्या घालायला करून दिली. 1970च्या दशकात इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांनी दोन दोऱ्यांचा चौकोनी पतंग आणि त्याची हवेने फुगणारी लांब नळीची शेपटी घरोघरी पोचवली. मग त्रिकोणी पंख आले, पुढे चार दोऱ्यांचे पतंग आले, जे हवेत थांबतात आणि उलटे मागेही जातात. इतिहास एवढा पुरे.

साबरमतीवाल्या पाहुण्याने माझं तोंड बघून पट्टे माझ्या हातात दिले. पतंग चढला, मी खूश झालो, आणि तो वळून नाक खाली करून यायला लागला. मला तो डावीकडे काढायचा होता. मी डावा हात ओढला. तो उजवीकडे गेला. घाबरून मी दोन्ही हात छातीशी ओढले आणि पतंग दुप्पट वेगाने वाळूत घुसला.

पाहुणा हसला नाही. त्याने खुणेने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की डावा दोरा पतंगाला त्याच्या स्वतःच्या डावीकडे वळवतो. पतंग खाली तोंड करून येत असेल तेव्हा त्याची डावी बाजू माझी उजवी असते. उडवणाऱ्याने जमिनीवर नव्हे, पतंगात बसायचं. दुसरी गोष्ट त्याने चालून दाखवली. पतंग कोसळतोय असं दिसलं की मागे ओढायचं नाही, त्याच्याकडे धावत जायचं. चार पावलं पुढे. दोरे सैल पडतात, वाऱ्याची पकड सुटते आणि पतंग आपटण्याऐवजी टेकतो. मला मामांची दोन बोटं आठवली. ढील!

या पतंगाचं खरं सौंदर्य वाचायचं तर आधी तो कुठे उडतो ते पाहायला हवं. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की आपल्यापुढे आकाशाची एक फोड येते, कलिंगडाच्या चार फोडींतल्या एकीसारखी. दोऱ्यांची लांबी ठरलेली, साधारण पंचवीस-तीस मीटर. त्यामुळे पतंग कायम त्या फोडीच्या सालीवरून फिरतो. मध्यभागी, बरोबर आपल्या समोर, वारा सगळ्यात जोरात भरतो. तिथे पतंग शिटी घालत जातो, हात खांद्यातून ओढले जातात. पोरांना आणि नवख्यांना तीच जागा आवडते. कडेला, फोडीच्या काठाशी, वारा उरत नाही. जाणकार पतंग काठाशी घेऊन जातो आणि तिथे त्याला थबकवतो. नाक वर, दोन्ही पंख सारखे, दोरे जेमतेम ताणलेले. पतंग ना वर ना खाली. साडीच्या निऱ्या खोचण्याआधी बाई क्षणभर श्वास धरते, तसा.

आणि मग अ‍ॅक्सल. बर्फावरच्या स्केटिंगमधल्या उडीचं नाव पतंगवाल्यांनी उसनं घेतलंय. मूळ नाव अ‍ॅक्सेल पॉलसेन या नॉर्वेच्या स्केटरचं. थबकलेल्या पतंगाच्या एका पंखाला किंचित उचल द्यायची. मनगटाने त्या बाजूच्या दोऱ्याला एक टिचकी. टिचकीच, ओढ नव्हे. आणि त्याच क्षणी दोन्ही हात पुढे. दोरे ओल्या सुतासारखे लोंबतात. पतंग कलंडतो आणि पोळपाटावरच्या पोळीसारखा आडवाच, सपाट, एक पूर्ण चक्कर घेतो. वेगात नाही, तंद्रीत. फिरून नाक वर येतं, हात अलगद दोरे गोळा करतात, पतंग होता तिथे उभा. सगळं मिळून एखादा सेकंद. त्यातला मधला तुकडा मला पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो, कारण त्या वेळी पतंग कुणाच्याच ताब्यात नसतो. टिचकी देऊन झालेली असते, दोरे सैल असतात, माणसाच्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्याने आधी जे केलं ते बरोबर होतं की नाही, एवढंच आता कळणार असतं. येवल्याच्या पतंगाचं नाक डावीकडे येईपर्यंत मामा जो दम धरत, तोच हा दम. फक्त तिथे त्यानंतर पेच लागतो, इथे पतंग परत उभा राहतो.

फरक आणखी एक आहे आणि तो दोऱ्यात आहे. आपला मांजा कापण्यासाठी. त्याची सगळी प्रतिष्ठा धारेत. (नायलॉन मांजाने तर ती माणसांच्या गळ्यापर्यंत नेली, 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो दर वर्षी कुठून तरी येतोच.) कसरती पतंगाचा दोरा याच्या बरोबर उलट. तो घसरण्यासाठी केलेला असतो. पतंगाने एक गिरकी घेतली की दोन दोऱ्यांना एक पीळ बसतो, चार घेतल्या की चार. साधा दोरा असता तर तिथेच आवळून बसला असता. हे गुळगुळीत कृत्रिम धागे पिळातल्या पिळात एकमेकांवरून सरकत राहतात आणि पतंगाला हाताचं म्हणणं ऐकू जातं. उडवणारा मनात पीळ मोजत असतो. उजवीकडे चार, तर पुढे कधीतरी डावीकडे चार. दोऱ्यांनी एकमेकांना मिठी मारायची आणि तरी कुणी कुणाला कापायचं नाही, हे आमच्या गच्चीवरच्या माणसाला पचायला जरा वेळ लागतो.

आता रे बेथेल नावाचा एक पतंगबहाद्दर. व्हँकुव्हरच्या व्हॅनियर पार्कात म्हातारपणीही तो पतंग उडवायचा. 2018 मध्ये गेला. एका पतंगाला दोन हात लागतात म्हणून मी आत्ताच रडून झालो. बेथेल तीन पतंग उडवायचा. एक उजव्या हाताने, एक डाव्या हाताने आणि तिसरा कमरेला बांधून. प्रत्येकाला दोन दोरे, म्हणजे सहा. हाताच्या पतंगासाठी दोन्ही दोरे एकाच मुठीशी, मनगट वळवलं की पतंग वळणार. कमरेच्या पतंगासाठी कंबर वळवायची.

हे एकदा उभं राहून करून बघा, पतंगाशिवायच. कंबर डावीकडे वळवली की खांदे थोडे का होईना वळतात, खांद्यांबरोबर हात जातात. म्हणजे तिसऱ्या पतंगाला काही सांगायला जावं तर पहिले दोन ते ऐकणार. ते त्यांनी ऐकू नये म्हणून मनगटांनी त्याच वेळी उलट समजूत घालायची. तबलजीचे दोन हात वेगवेगळं बोलतात ते आपण ऐकतो. इथे कंबरसुद्धा बोलायला लागली आहे.

बेथेलची जी उडवणी गाजली ती लेओ दलीबच्या 'लाक्मे' या ऑपेरातल्या द्वंद्वगीतावर. ऑपेरा 1883 मध्ये पॅरिसला रंगभूमीवर आला आणि घडतो आपल्याकडे, इंग्रजी अमलातल्या हिंदुस्थानात. नीलकंठ नावाच्या ब्राह्मणाची मुलगी लाक्मे, तिची दासी मल्लिका, दोघी नदीकाठी फुलं वेचायला निघतात तेव्हाचं हे गाणं. (लाक्मे म्हणजे लक्ष्मीचं फ्रेंच रूप. आरशासमोरची डबी आठवली असेल तर बरोबर आहे, तिचं नाव इथूनच आलं.) पुढे गोऱ्या अधिकाऱ्यावरच्या प्रेमापायी लाक्मे धोत्रा खाऊन मरते. त्या हिंदुस्थानावर माझा काडीचा विश्वास नाही. पॅरिसमध्ये बसून रंगवलेला पडदा तो. पण गाण्यावर आहे. दोन बायकी आवाज, एक वरचा, एक जरा खालचा. आधी एकमेकींत गुंफून चालतात, मग शेजारी शेजारी, बराच वेळ सा आणि ग यांच्यात असावं तेवढं अंतर राखून. नावेसारखी झुलती लय. एक वर गेली की दुसरीही जाते, पण तिच्या पायावर पाय देत नाही.

बेथेलचे पतंग हेच करतात. शेपट्या लांब असल्याने पतंग आत्ता कुठे आहे आणि मघाशी कुठे होता हे दोन्ही एकदम दिसतं. एकाची शेपटी विरते न विरते तोच दुसरा तिथून जातो. जवळ येतात, अंतर राखतात, एकामागून एक वळण घेतात. मी पुष्कळदा बघितलं आणि एका जागी अडत राहिलो. आवाज दोन, पतंग तीन. मग तिसरा कोण? आधी वाटलं वाद्यवृंद असेल. आता वाटतं, तो उडवणाऱ्याचा स्वतःचा आवाज आहे. बाकीचे दोन त्याने हातात धरलेत, हा त्याच्या अंगात बांधलेला आहे. तो वळतो तेव्हा म्हातारा वळतो, किंवा म्हातारा वळतो तेव्हा तो. आणि बेथेलला कानाने कमी ऐकू यायचं. जे गाणं ऐकून आपण पतंग बघतो ते त्याला आपल्याइतकं ऐकू येत नव्हतं. त्याच्याकडे लय सहा दोऱ्यांतून येत होती.

परवा येवल्याला गेलो तेव्हा मामांना बेथेलच्या त्या उडवणीची चित्रफीत दाखवली. आता ते गच्चीवर चढत नाहीत. ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. रस्त्यावर हॉर्नचा गदारोळ, फोनचा आवाज बारीक, गाणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नसावं. चष्मा वर करून त्यांनी फोन नाकाशी नेला.

"तीन आहेत?"

"तीन."

"माणूस एकच?"

"एकच."

थोडा वेळ बघितलं. "हातातले दोन समजले. तिसरी आसारी कुणाकडे?"

मी कंबर दाखवली. मामा काही बोलले नाहीत. पतंग एकमेकांच्या जवळ आले तसे ते पुढे झुकले, ओठ आवळले. आता पेच लागणार. लागला नाही. "कापत कसा नाही कुणी?" ते पुटपुटले. मी दोऱ्यांचं सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी डाव्या हाताने मला गप्प केलं. उजवा हात मांडीवर होता. त्याची दोन बोटं, अंगठा आणि त्याच्या शेजारचं, हळूच एकमेकांपासून सुटली आणि तशीच थांबून राहिली.