‘अचानक’ आणि पाचवी शपथ

गुलजार यांचा ‘अचानक’ १९७३ साली पडद्यावर आला. त्याला पन्नास वर्षे उलटून गेली, तरी खऱ्या गुन्ह्यावर आधारलेल्या चित्रपटांचा विषय निघाला की जाणकार आजही त्याचे नाव आधी घेतात. त्यात एकही गाणे नाही. वसंत देसाई यांचे पार्श्वसंगीत बेताचे आहे आणि विनोद खन्ना यांची भूमिका आवाज न चढवता मनात उतरते. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची असून तिच्या मुळाशी मुंबईचा नानावटी खटला आहे. या चित्रपटाचे कौतुक पुष्कळ झाले. आम्हाला त्यात नोंदवल्या न गेलेल्या एका साक्षीविषयी बोलायचे आहे.

मूळ हकिकत थोडक्यात अशी. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांच्यापुढे त्यांची पत्नी सिल्व्हिया हिने प्रेम आहुजा याच्याशी असलेले संबंध कबूल केले. नानावटींनी पत्नीला आणि मुलांना सिनेमागृहात सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्वर घेतले, आहुजाच्या घरी जाऊन त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि नंतर ते स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सेशन्स जज्जांना हा कौल पटला नाही आणि प्रकरण हायकोर्टात गेले. ११ मार्च १९६० रोजी तेथे जन्मठेप झाली; २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. झटापटीत गोळ्या सुटल्या, हा बचाव टिकला नाही. ‘गंभीर व आकस्मिक चिथावणी’ हा दुसरा बचावही टिकला नाही. दुपारी दीडला घर सोडल्यापासून चार वीसला खून होईपर्यंत जवळजवळ तीन तास गेले होते. एवढा वेळ माणसाला सावरायला पुरेसा आहे, असे कोर्टाने मानले. कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी काहीच ‘अचानक’ घडले नव्हते. चित्रपटाचे नाव या निकालाशेजारी ठेवून वाचावे.

चित्रपटात नानावटींच्या जागी लष्करातला मेजर रणजीत खन्ना आहे. पत्नी पुष्पा (लिली चक्रवर्ती) आणि मित्र प्रकाश यांचे संबंध त्याला कळतात. तो दोघांनाही मारतो, स्वतःला कायद्याच्या हवाली करतो आणि त्याला फाशीची शिक्षा होते. मात्र पत्नीचे मंगळसूत्र गंगेत सोडण्याची तिची इच्छा पुरी करायची म्हणून तो पळतो आणि पोलिसांची गोळी लागून इस्पितळात पोहोचतो. डॉ. चौधरी (ओम शिवपुरी) आणि नर्स राधा (फरीदा जलाल) त्याला मरणाच्या दारातून परत आणतात, ते कशासाठी, तर कायद्याने त्याला फासावर चढवावे म्हणून. चित्रपटाचा हा अर्धा भाग आजही अस्वस्थ करतो. लष्कर ज्याला मारायला शिकवते आणि त्याबद्दल गौरवते, त्याच माणसाला घरात मारल्याबद्दल राज्य मारते. मधल्या मध्ये डॉक्टर त्याला जगवत राहतो. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात ३० जुलै २०१५ रोजी याकूब मेमनला फाशी झाली. तेव्हापासून हा प्रश्न आम्हा नागपूरकरांसाठी केवळ पडद्यावरचा राहिलेला नाही.

दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल मात्र आमची तक्रार आहे. मूळ खटल्यात सिल्व्हिया जिवंत होती. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, बचाव पक्षातर्फे बोलली, उलटतपासणीला सामोरी गेली. नानावटींना १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिल्यावर ते कुटुंब पुढे कॅनडात जाऊन राहिले. ज्या घराची अब्रू गेली म्हणून खून झाला, ते घर मोडले नाही. ‘अचानक’मध्ये पुष्पा मारली जाते. तिला काय म्हणायचे होते, हे विचारणारे कोणी उरत नाही. जे दिसते ते रणजीतच्या आठवणीतून दिसते. मंगळसूत्र गंगेला मिळते आणि प्रेक्षकांची सहानुभूती मारणाऱ्याला मिळते.

ही सहानुभूती किती खोल रुजलेली आहे, हे वाडीत काही मित्रमंडळींबरोबर हा चित्रपट पुन्हा पाहताना आम्हाला जाणवले. खुनाच्या प्रसंगावर एकाने सहज म्हटले, “गैरतमंद था, और क्या करता?” कोणी हरकत घेतली नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. तेथे ‘गैरत’ हा शब्द सद्गुण म्हणूनच मुलांच्या कानावर पडतो. त्या शब्दाखाली किती बायकांचे बळी गेले, हे कोणी शिकवत नाही.

आणि याच बाबतीत आपल्या दीनची शिकवण किती वेगळी आहे! बायकोजवळ परका पुरुष दिसला तर नवऱ्याने काय करावे, त्याला ठार मारावे काय, हा प्रश्न उवैमिर अजलानी या सहाबींनी पैगंबर साहेबांच्या (स.) काळीच विचारला होता. त्यावरचा मार्ग सूरह नूरमध्ये आला. त्याला लिआन म्हणतात. चार साक्षीदार नसतील तर नवऱ्याने चार वेळा अल्लाहची शपथ घ्यावी आणि पाचव्यांदा, आपण खोटे असू तर आपल्यावर लानत होवो, असे म्हणावे. मग बायकोनेही चार शपथा घ्याव्यात आणि पाचव्यांदा, नवरा खरा असेल तर आपल्यावर अल्लाहचा गजब होवो, असे म्हणावे. तेवढ्याने तिची शिक्षा टळते आणि दोघे वेगळे होतात. नवऱ्याचा संताप येथे नाकारलेला नाही, पण त्याच्या हातात हत्यार दिलेले नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेवटची शपथ बाईची आहे. रणजीतच्या कथेत पुष्पाला ही पाचवी शपथ मिळत नाही. आपल्या मोहल्ल्यांतून घडणाऱ्या हकिकतींतही ती किती जणींना मिळते?

ही कथा अब्बास साहेबांची असावी, याचे आम्हाला अधिक वाटते. पानिपतचे अब्बास मौलाना हालींच्या घराण्यातले. हालींनी १९०५ साली ‘चुप की दाद’ लिहून बायकांच्या मुकेपणाची दाद मागितली होती. शिवाय अब्बास हे ‘ब्लिट्झ’चे स्तंभलेखक होते आणि त्याच साप्ताहिकाने नानावटींसाठी जोरदार मोहीम चालवली होती. अब्बासांनी त्या मोहिमेच्या पुढे जाऊन फाशीचा प्रश्न उभा केला, हे त्यांचे श्रेय आहे. पुष्पाच्या मुकेपणाची दाद मात्र त्यांच्याकडूनही राहून गेली.

याच खटल्याची छाया ‘ये रास्ते हैं प्यार के’ (१९६३) आणि ‘रुस्तम’ (२०१६) यांवरही आहे. ‘रुस्तम’मध्ये तर नायकाच्या खुनाला देशभक्तीची वर्दी चढवली आहे आणि तो निर्दोष सुटतो. त्या मानाने ‘अचानक’ फार प्रामाणिक आहे. तो आपल्या नायकाला सोडून देत नाही. म्हणूनच तो पाहावा आणि घरातल्या मुलांबरोबर, मुलींबरोबर बसून पाहावा. चित्रपट संपल्यावर मुलींना एवढे अवश्य विचारावे की पुष्पाला कोर्टात उभे केले असते, तर ती काय बोलली असती? त्या उत्तर देतील तेव्हा मध्ये बोलू नये.